चार नावे, सारखा वाटा : कॉलेजच्या एका बँडची भागीदारी

'भागीचे घोडे किवणाने मेले' ही म्हण व्यापारी घरांत लहानपणापासून कानांवर पडत असते. घोडा चौघांचा असतो, म्हणून त्याच्या पाठीवरची जखम पाहणे हे कोणा एकाचे काम राहत नाही आणि अखेरीस घोडाच हातचा जातो. भागीदारीतील पेढ्या बाहेरच्या स्पर्धेने जितक्या बुडाल्या, तितक्याच आतल्या कुरबुरीनेही बुडाल्या, हे अनुभवी माणसांना सांगावे लागत नाही.

हीच भागीदारी अलीकडे एका अनपेक्षित वाटेने घरात शिरते. मुलगा किंवा मुलगी कॉलेजात जाते, तेथे तीन-चार सोबती जमतात, कोणी गिटार वाजवतो, कोणी ड्रम, कोणी गातो आणि पाहता पाहता एक 'बँड' उभा राहतो. घरातील वडीलधाऱ्यांना काळजी असते ती आवाजाची, जागरणाची आणि परीक्षेची. ती रास्तही असते. परंतु त्या मुलांच्या आयुष्यातील पहिली भागीदारी तेथे आकार घेत आहे, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भांडवल थोडे, हिशेब तोंडी, करार मैत्रीचा आणि माल म्हणजे गाणी. अशा भागीदारीचे पुढे काय होऊ शकते, याचा एक उत्तम नमुना अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात घडला. 'आर. ई. एम.' हे त्या बँडचे नाव. १९८० मध्ये कॉलेजच्या वातावरणात सुरू झालेला हा बँड ३१ वर्षे चालला, जगभर नावाजला गेला आणि २०११ मध्ये कोणताही तंटा न होता बंद झाला. त्याचे संगीत सर्वांना रुचेल असे नाही. त्याची वाटणी मात्र प्रत्येक व्यापारी कुटुंबाने समजून घ्यावी अशी आहे.

विद्यापीठाचे गाव आणि चार तरुण

अथेन्स हे जॉर्जिया विद्यापीठाचे गाव. या विद्यापीठाची सनद १७८५ ची, म्हणजे अमेरिकेतील राज्य विद्यापीठांत अगदी जुन्यांपैकी. गावाचे अर्थकारण विद्यार्थ्यांवर चालणारे. भाड्याच्या खोल्या स्वस्त आणि संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरी गाणेबजावणे ठरलेले. 'द बी-फिफ्टी-टूज' नावाचा बँड याच गावातून पुढे आला होता, त्यामुळे आपल्यालाही हे जमेल असे इतर मुलांना वाटू लागले होते.

माइकल स्टाइप हा विद्यापीठात कलेचा विद्यार्थी होता. पीटर बक हा गावातील एका रेकॉर्डच्या दुकानात नोकरीला होता. दुकानात आलेल्या चांगल्या तबकड्या बक स्वतःसाठी बाजूला ठेवी आणि नेमक्या त्याच तबकड्या विकत घ्यायला स्टाइप येई; त्यातून दोघांची ओळख झाली. माइक मिल्स आणि बिल बेरी हे दोघे त्याच राज्यातील मेकन गावचे. शाळेत असताना त्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नसे. मात्र एकदा वाजवण्याच्या निमित्ताने एकत्र यावे लागले आणि वैर संपले. मिल्स बास गिटार वाजवी, बेरी ड्रम. विद्यापीठात येण्यापूर्वी बेरीने मेकनमध्ये कार्यक्रम ठरवून देणाऱ्या एका एजन्सीत काम केले होते. चौघांपैकी या धंद्याची आतली बाजू थोडीफार पाहिलेला तो एकटाच, आणि तेथे झालेल्या ओळखी पुढे उपयोगी पडल्या.

५ एप्रिल १९८० रोजी गावातील एका जुन्या, वापरात नसलेल्या चर्चमध्ये एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला या चौघांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवले. त्यानंतर शब्दकोश उघडून सहज नजर पडली त्या ठिकाणाहून 'आर. ई. एम.' हे नाव उचलण्यात आले. कॉलेजचा अभ्यास मात्र हळूहळू मागे पडत गेला आणि तो कायमचा सुटला. पालकांच्या मनातील भीती इथे खरी ठरली, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या काळी त्या गावात असे कितीतरी बँड निघाले आणि बहुतेक काही वर्षांत मिटले. या चौघांचे उदाहरण पाहायचे ते शिक्षण सोडावे म्हणून नव्हे, तर एकत्र काम कसे करावे म्हणून.

हजार प्रती आणि राहून गेलेला पत्ता

या बँडने पहिला माल बाजारात आणला तो जुलै १९८१ मध्ये. 'रेडिओ फ्री युरोप' हे गाणे शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात मिच ईस्टर यांच्या स्टुडिओत मुद्रित झाले. हा स्टुडिओ म्हणजे त्यांच्या आईवडिलांच्या घरचे गॅरेज. 'हिब-टोन' या छोट्या कंपनीने तबकडीच्या पहिल्या १,००० प्रती काढल्या. त्यांपैकी ६०० प्रती विक्रीला न ठेवता रेडिओ केंद्रे, वृत्तपत्रे वगैरे ठिकाणी प्रसिद्धीसाठी पाठवून दिल्या. दहातील सहा नग नमुना म्हणून वाटणारा दुकानदार विरळाच. शिवाय पहिल्या प्रतींवर कंपनीचा पत्ता छापायचाच राहून गेला होता. तरीही उरलेल्या प्रती भराभर संपल्या आणि मागणीमुळे आणखी ६,००० प्रती काढाव्या लागल्या. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने वर्षातील दहा उत्तम सिंगल तबकड्यांत या गाण्याची गणना केली.

त्या ६०० प्रती वाया गेल्या नाहीत, कारण त्या योग्य हातांत पडल्या. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांची स्वतःची छोटी रेडिओ केंद्रे असतात आणि ती विद्यार्थीच चालवतात. जाहिरातींच्या दबावाखाली असलेली मोठी केंद्रे नव्या माणसाला दारात उभी करत नाहीत. विद्यार्थ्यांना तसे बंधन नसते. अशा केंद्रांवर या बँडची गाणी वाजू लागली आणि 'कॉलेज रॉक' असे नाव मिळालेल्या संगीतप्रकारात तो अग्रभागी मानला जाऊ लागला.

दुसरीकडे फिरती चालू होती. जेफरसन होल्ट हा व्यवस्थापक जुनी निळी व्हॅन चालवी आणि चौघे वाद्यांसह दक्षिणेकडील राज्यांतील छोट्या छोट्या ठिकाणी जाऊन वाजवत. जेवणाचा भत्ता प्रत्येकी दिवसाला दोन डॉलर. कायद्याच्या बाजूसाठी अथेन्समधीलच बर्टिस डाऊन्स हे वकील सोबतीला आले. म्हणजे व्यवस्थापन, कायदा आणि कला ही तिन्ही खाती सुरुवातीपासून वेगळी आणि आपापल्या माणसाकडे राहिली.

१९८२ मध्ये 'आय. आर. एस. रेकॉर्ड्स' या तुलनेने लहान कंपनीशी करार झाला. पहिला पूर्ण अल्बम 'मर्मर' एप्रिल १९८३ मध्ये आला. त्याच वर्षी मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ने बाजार व्यापला होता. तरीही 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने वर्षातील सर्वोत्तम अल्बम म्हणून 'मर्मर'ची निवड केली. त्याचा खप सुमारे २ लाख प्रतींचा झाला, जो कंपनीच्या अपेक्षेहून कमीच होता. चौघे त्यावरून खचले नाहीत आणि घाईलाही आले नाहीत. दरवर्षी एक अल्बम, दरवर्षी फिरती, दरवर्षी गिऱ्हाइकांत थोडी भर, असा क्रम राहिला. १९८७ च्या 'डॉक्युमेंट' या पाचव्या अल्बमने अमेरिकेत दहा लाखांच्या खपाचा टप्पा गाठला. १९९१ मध्ये 'आउट ऑफ टाइम' हा अल्बम अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. पहिल्या वाढदिवसाच्या कार्यक्रमापासून इथवर यायला ११ वर्षे लागली होती.

गाणे कोणाचे?

या कथेचा गाभा वाटणीत आहे. ती समजण्यासाठी गाण्याचे उत्पन्न कसे येते हे थोडक्यात पाहावे लागेल.

गाण्याचे हक्क मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला हक्क रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा हक्क ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे विशिष्ट गायक-वादकांनी मुद्रित केलेल्या त्या एका आविष्काराचा. रचनेचा मोबदला कागदावर ज्यांचे नाव गीतकार-संगीतकार म्हणून असते त्यांनाच मिळतो. आणि गाणे रेडिओवर वाजो, दुसऱ्या कोणी गावो किंवा चित्रपटात वापरले जावो, तो वर्षानुवर्षे येत राहतो. म्हणून एकाच बँडमध्ये दहा वर्षे खांद्याला खांदा लावून काम केलेल्या चौघांपैकी दोघे सधन आणि दोघे बेताचे, अशी स्थिती येऊ शकते. उदाहरणार्थ, रचनेपोटी १०० रुपये आले आणि नावे दोघांची असली, तर प्रत्येकी ५० रुपये त्या दोघांना आणि ड्रम वाजवणाऱ्याच्या हाती त्या खात्यातून शून्य. मग प्रत्येकजण आपलेच गाणे पुढे रेटू लागतो, दुसऱ्याच्या चांगल्या गाण्याला नाक मुरडतो आणि घोड्याच्या पाठीवर जखम होते.

आर. ई. एम.ने याचा बंदोबस्त आरंभीच केला. बँडच्या मूळ गाण्यांवर चौघांची नावे सारखी लागतील : बेरी, बक, मिल्स, स्टाइप. आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने ही नावे लागत असल्यामुळे आधी कोण आणि नंतर कोण हा वादही उरला नाही. दुसरा नियम निर्णयाचा होता. चौघांपैकी एकाचा जरी एखाद्या गोष्टीला ठाम नकार असेल, तर ती गोष्ट करायची नाही.

गाणे रचण्याची त्यांची रीत या नियमाला साजेशी होती. साधारणपणे बक, मिल्स आणि बेरी हे तिघे मिळून वाद्यांचा ढाचा उभा करत. त्यावर स्टाइप शब्द आणि गाण्याची चाल बसवी. परंतु व्यवहारात कधी एकाचा वाटा मोठा असे, कधी दुसऱ्याचा. 'लूझिंग माय रिलिजन' या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचे बीज बक मॅन्डोलिन शिकत असताना त्याच्या हाती लागले. 'नाइटस्विमिंग' मधील पियानोची रचना मिल्सची. 'एव्हरीबडी हर्ट्स' हे १९९२ च्या अल्बममधील गाणे मुख्यतः बेरीने, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्याने, आणलेले. आणि गंमत अशी की त्या गाण्यात तालासाठी बराचसा आधार यंत्राचा घेतला आहे. इतर अनेक बँडमध्ये ड्रमवाल्याला अशी चाल पुढे ठेवण्याची संधीही क्वचित मिळते. इथे ती मिळाली, कारण ती स्वीकारल्याने कोणाचा हिस्सा कमी होणार नव्हता. सारख्या वाट्याचा खरा लाभ पैशापेक्षा या मोकळेपणात होता.

दुसरी बाजू : मँचेस्टरचा खटला

सारखा वाटा प्रत्येक वेळी न्याय्य असतोच असे नाही. कोणी अधिक काम करतो, कोणी अधिक जोखीम घेतो, आणि हिस्सा कमीजास्त ठेवण्यात गैर काहीच नाही. गैर असते ते न सांगणे आणि न लिहिणे. याचा धडा त्याच काळातील इंग्लंडच्या 'द स्मिथ्स' या मँचेस्टरच्या बँडने दिला.

या बँडमध्ये गायक मोरिसी आणि गिटारवादक जॉनी मार हे गाणी रचत. रचनेचा मोबदला त्या दोघांचा, याबद्दल वाद नव्हता. मात्र ध्वनिमुद्रण आणि कार्यक्रम यांच्या उत्पन्नातूनही त्यांना प्रत्येकी ४० टक्के आणि ड्रमवादक माइक जॉइस व बासवादक अँडी रूर्क यांना प्रत्येकी १० टक्के मिळत. १९८७ मध्ये बँड मोडला. रूर्क यांनी पुढे एकरकमी रक्कम घेऊन तडजोड केली. जॉइस यांनी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. १९९६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल जॉइस यांच्या बाजूने दिला आणि १९९८ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. निकालाचा आधार ब्रिटनचा १८९० चा भागीदारी कायदा होता : वेगळा करार सिद्ध झाला नाही, तर भागीदार नफ्यात समान हिस्सेदार असतात.

भारतातील १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम १३ मध्येही हेच तत्त्व आहे. करार नसेल, तर नफा सारखा आणि तोटाही सारखा. कलम १२ नुसार नेहमीच्या बाबी बहुमताने ठरतात. धंद्याचे स्वरूपच बदलायचे असेल, तर मात्र सर्व भागीदारांची संमती लागते. रॉक संगीत आणि कापडाची पेढी यांत कायदा फारसा भेद करत नाही. अथेन्सच्या चौघांनी जे खुशीने ठरवले, तेच मँचेस्टरच्या चौघांना न्यायालयाने, तेही मैत्री संपल्यानंतर, सांगितले.

कसोटीची वर्षे

आर. ई. एम.च्या भागीदारीची खरी कसोटी भरभराटीच्या काळातच लागली. १ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कार्यक्रम चालू असताना बिल बेरीच्या मेंदूतील रक्तवाहिनीला इजा झाली. शस्त्रक्रिया झाली, तो बचावला आणि दौरा काही आठवडे थांबून मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. त्याच वर्षी मिल्स आणि स्टाइप यांच्यावरही वेगवेगळ्या कारणांनी शस्त्रक्रिया झाल्या. १९९६ मध्ये 'वॉर्नर ब्रदर्स' या मोठ्या कंपनीशी नवा करार झाला. त्याची रक्कम ८ कोटी डॉलर असल्याचे त्यावेळी प्रसिद्ध झाले होते.

एवढा करार हाती आल्यानंतर वर्षभरातच, ऑक्टोबर १९९७ मध्ये, बेरीने निवृत्ती जाहीर केली. फिरती, प्रसिद्धी आणि धावपळ यांत आता मन रमत नाही, असे त्याचे कारण होते. पण त्याने सोबत्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती : माझ्या जाण्याने बँड मोडणार असेल, तर मी जाणार नाही. तिघांनी विचार केला आणि पुढे चालू ठेवण्याचे मान्य करून त्याला निरोप दिला. बेरी अथेन्सजवळच्या आपल्या शेतीकडे वळला.

व्यापारात निवृत्त होणारा भागीदार बहुधा आपल्या हिश्श्याची बोलणी आधी करतो. इथे जाणाऱ्याने राहणाऱ्यांचा विचार आधी केला आणि राहणाऱ्यांनी जाणाऱ्याला अडवून धरले नाही. जुन्या गाण्यांवर चौघांची नावे जशीच्या तशी राहिली. नव्या गाण्यांवर तिघांची येऊ लागली. हे सारे सुखाने पार पडले असे मात्र नाही. १९९८ चा 'अप' हा अल्बम करताना तिघांमधील बेबनाव इतका वाढला की बँड तुटण्याच्या बेतात आला होता. कामाची घडी पुन्हा बसवायला त्यांना वेळ लागला. म्हणजे नियम चांगले असले, तरी माणसांना एकमेकांशी बोलावेच लागते.

श्रोत्यांचा वाटा

वाटणीतील पाचवा हिस्सेदार म्हणजे श्रोता. १९८८ पासून २०११ पर्यंत दर नाताळला हा बँड आपल्या चाहते मंडळाच्या सभासदांसाठी खास ध्वनिमुद्रण करून टपालाने पाठवत असे. ते दुकानात विकत मिळत नसे. बँडचे कार्यालयही न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसला न जाता अथेन्समध्येच राहिले. ज्या गावाने पहिले गिऱ्हाईक दिले, त्या गावातील गादी त्यांनी हलवली नाही. ज्या जुन्या चर्चमध्ये पहिला कार्यक्रम झाला, त्याची इमारत पुढे पाडली गेली. मनोरा तेवढा राखला आहे आणि चाहते तो पाहायला जातात.

२१ सप्टेंबर २०११ रोजी बँड विसर्जित झाल्याचे जाहीर झाले. कोणी कोणावर आरोप केला नाही. त्यानंतर पुन्हा एकत्र येऊन दौरे काढण्याचे त्यांनी टाळले. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील गीतकारांच्या सन्मानसंस्थेत, 'साँगरायटर्स हॉल ऑफ फेम'मध्ये, चौघांचा समावेश झाला. त्या समारंभात बेरीसह चौघांनी मिळून एक गाणे सादर केले. गीतकार म्हणून झालेल्या त्या सन्मानात ड्रमवादकही बरोबरीने उभा होता, याचे मूळ १९८० च्या सुमारास ठरलेल्या सारख्या वाट्यात आहे.

आपल्या घरातील बँड

आपल्याकडेही कॉलेजच्या बँडची परंपरा नवी नाही. मुंबईच्या आय. आय. टी.चा 'मूड इंडिगो' महोत्सव १९७० च्या दशकापासून चालत आला आहे आणि मुंबईत १९८४ मध्ये सुरू झालेला 'रॉक मशीन' हा बँड पुढे 'इंडस क्रीड' या नावाने देशभर ओळखला गेला. आज तर मोबाइल फोनवरून गाणे तासाभरात जगभर पोहोचते. म्हणून घरातील मुलांचा बँड निव्वळ नाद समजून सोडून देण्यापेक्षा त्यांच्याशी चार गोष्टी बोलून घेणे श्रेयस्कर.

पहिली गोष्ट, प्रत्येक गाणे पूर्ण होताच त्याची तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि कोणाचा किती हिस्सा हे एका वहीत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. भारतीय कायद्यात गाण्याचे शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती अशा दोन स्वतंत्र कृती मानल्या जातात, म्हणून दोन्हींची नोंद वेगळी हवी. दुसरी, कोणते वाद्य आणि यंत्र कोणाच्या पैशाने आले आणि ते बँडचे की त्या व्यक्तीचे, हे लिहावे. भांडणे बहुधा ध्वनिवर्धकावरूनच सुरू होतात. तिसरी, बँडचे नाव कोणाचे आणि एखादा बाहेर पडला तर त्याच्या जुन्या गाण्यांवरील हक्काचे काय, हे आधीच ठरवावे. चौथी, कार्यक्रमांचे पैसे नियमित येऊ लागले, तर एकाच्या खिशात न ठेवता रीतसर हिशेब ठेवावा. भागीदारीच्या नावे बँकेत चालू खाते उघडायचे झाल्यास भागीदारीपत्र आणि भागीदारी संस्थेचा पॅन लागतो. आणि अठरा वर्षांखालील मुलाला कायद्याने पूर्ण भागीदार होता येत नाही, हेही ध्यानात असावे. गाणी बाहेर वाजू लागली, तर १९६९ मध्ये स्थापन झालेल्या 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी'चे सभासदत्व घेतल्यास रचनेचा मोबदला गोळा करणे सोपे जाते.

हे बोलणे घरातील जाणत्या माणसाने करावे, पण अविश्वासाच्या सुरात करू नये. मुले म्हणतील, आमच्यात मैत्री आहे, कागद कशाला? त्यांना मँचेस्टर आणि अथेन्स या दोन्ही गावांची हकीकत सांगावी. मैत्री दोन्हीकडे होती. एका ठिकाणी वाटणी गाणी करतानाच ठरली, दुसऱ्या ठिकाणी ती न्यायालयात ठरली. वही घालायला उशीर केला म्हणजे खर्च वाढतो, हे व्यापाऱ्याच्या मुलाला पटायला फार वेळ लागू नये.